रेवाने मला सोडलं तेव्हा

माझ्या मुलीने वयाच्या नवव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, माझा पहिला चहासुद्धा व्हायच्या आत माझ्याशी असलेले संबंध तोडले.

मी नेहमीसारखं रेवाला पाजायला मांडीवर घेतलं. तिने एकदा तोंड लावलं, लगेच काढलं, माझ्याकडे नापसंतीने पाहिलं आणि अंगाची कमान करून किंचाळायला लागली. दुपारी तेच. संध्याकाळीही तेच! कालपर्यंत मी दिसले की हिला जगात दुसरं काही दिसायचं नाही, आणि आज मला बघून ती आजीकडे रांगत सुटली.

आदल्या दिवशी एक प्रकार घडला होता, तो सांगायला हवा. रेवाला नुकते दोन दात आले होते आणि त्यांचा पहिला प्रयोग तिने माझ्यावर केला. मी यवतमाळची. पुण्यात राहून भाषा चांगली घासूनपुसून घेतलेली, पण तेव्हा तोंडातून निघालं ते "अवं माय वं!" आमचा फ्लॅट कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर. खालचा भाजीवाला वर बघायला लागला.

"साजूक तूप लाव त्यावर," सासूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या.

तूप! मी शिकलेली बाई. मी फोनवर तासभर वाचून एक नैसर्गिक, निर्धोक वगैरे उपाय शोधून काढला आणि कुणाला न सांगता दर दोन-तीन तासांनी निष्ठेने तो करत राहिले. जखम भरत आली. पण रेवा येईना.

आमच्या सोसायटीत नव्या आयांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यात सल्ला देण्याचं काम (कुणीही दिलेलं नसताना) माझ्याकडे आहे. बुधवारी मी तिथे भलामोठा मजकूर टाकला आणि सासूबाईंनाही वाचून दाखवला. 'काही बाळं वर्षाच्या आतच आपण होऊन दूध सोडतात. मूल स्वतः ठरवतं. आईने ते हसतमुखाने स्वीकारायचं असतं.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग मी हसतमुखाने बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि हमसून हमसून रडले.

खरंच सांगते, इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. तिला जवळ घेतल्यावर ती एका हाताने माझी वेणी धरून ठेवायची. आता ती वेणी नुसतीच लोंबत होती. मला एवढंच हवं होतं, की तिने परत यावं. एकदा तरी. निदान नीट निरोप तरी घ्यावा!

बाहेरून दारावर टकटक झाली.

"खडकवासल्याच्या धरणात पाणी कमी आहे," सासूबाई म्हणाल्या. "रडायचंय तेवढं रड, पण नळ बंद करून रड."

मी बाहेर आले तर त्यांनी हातात चहा दिला. म्हणाल्या, "नवव्या महिन्यात मूल असं एका दिवसात सोडत नाही. काहीतरी बिनसलंय. निखिल अडीच वर्षांचा होईपर्यंत पीत होता. बालवाडीचा फॉर्म आणला, तरी याचं चालूच!"

"आई, प्लीज," निखिल म्हणाला. हा माझा नवरा.

"अहो आई, पण शास्त्रात म्हटलंय..." मी म्हणाले.

"शास्त्राने किती पोरं पाजली?"

इकडे माझी छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण आली. शेजारणीकडून पंप आणला. गरम फडक्याने शेकायचं, पुसायचं, दूध काढायचं आणि मग पुन्हा माझा तो उपाय, असा क्रम सुरू झाला. काढलेलं दूध वाटीत घेऊन सासूबाई चमच्याने पाजायला बसल्या, तर रेवाने वाटी संपवून चमचा चाटला! म्हणजे माल पसंत, नापसंत होतं ते दुकान.

निखिलचं मत पडलं, की तू ओरडलीस म्हणून ती दुखावली असेल, तिची माफी माग. मी मागितली. हात जोडून, जमिनीवर बसून. रेवाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि माझ्या हातातला खुळखुळा काढून घेतला. गुरुवारी साबण बदलला, पडदे ओढले, अंगाई म्हटली. अंगाईने निखिल झोपला.

त्यातच सासूबाईंनी नवीन तक्रार आणली. "गॅलरीतल्या कुंडीची पानं कोण कापतंय? निखिल, डोक्याला लावतोयस ना? कितीही लाव, गेलेले केस आता यायचे नाहीत."

"मी हातसुद्धा लावला नाहीये!"

मी पंप धुवायला घेतला. त्या वेळी मला तो विषय फारच क्षुल्लक वाटला.

शुक्रवारी आम्ही सगळे शनिवार पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रेवाचे कान बघितले, घसा बघितला, हिरड्या चाचपल्या. सगळं ठीक.

"हे सोडणं नाही, हा रुसवा आहे," त्या म्हणाल्या. "आपण होऊन सोडणारी मुलं बहुतेक वर्षानंतर आणि हळूहळू सोडतात. एवढ्या लहान बाळाने एकदम तोंड फिरवलं तर आपण कारण शोधायचं. नवीन काही लावताय का? अत्तर, मलम?"

"छे!" मी ताठ मानेने म्हणाले. "केमिकल मी वापरतच नाही. जखमेवर फक्त ताजी कोरफड. तीही घरच्या कुंडीतली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कधी चाखून पाहिलीत?"

सासूबाई सावकाश माझ्याकडे वळल्या. "अगं, कडू जहर असते ती! मुलाचं अंगावरचं तोडायला आमच्यात कोरफडच लावतात. निखिलला तीच लावली होती." आणि क्षणभर थांबून म्हणाल्या, "याच कुंडीतली."

निखिलने डोळे मिटून घेतले. तीस वर्षांनी त्याला ती चव आठवली असावी.

"बाळाच्या पोटात जाईल असं काहीही मला विचारल्याशिवाय लावायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्वच्छ धुवा आणि धीर धरा. ती येईल."

घरी येऊन मी इतकं धुतलं, की सासूबाई खडकवासल्याबद्दल अवाक्षरही बोलल्या नाहीत. जखमेसाठी त्यांनी मुकाट्याने तुपाची वाटी पुढे सरकवली. पण रेवा काही लगेच येईना. शनिवार तसाच गेला. रविवारी दुपारी आंघोळीनंतर ती माझ्या खांद्यावर पेंगत होती. अर्धवट झोपेत खाली सरकली. हुंगलं. जिभेचं टोक लावून पाहिलं, थांबली, आणि मग माझी वेणी घट्ट धरून प्यायला लागली. मी रडले. नळाबिळाशिवाय, सगळ्यांसमोर. सासूबाई "माझ्या डोळ्यात कांदा गेला" म्हणाल्या. त्या दिवशी खिचडी होती, कांदा चिरलाच नव्हता.

रेवा आता तीन वर्षांची होईल. आपण होऊन सोडण्याचं तिच्या मनातही नाही. परवा, बालवाडीचा फॉर्म भरून झाल्यावर, डॉक्टरीणबाईंना रीतसर विचारून, मी शेवटी त्याच कुंडीतलं एक पान कापून गर लावला. रेवाने जीभ लावून पाहिली. रडली नाही, रुसली नाही. उठली, बाथरूममधून पाण्याने भरलेला मग सांडत सांडत घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आई, धू."

मी मदतीसाठी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मूल स्वतः ठरवतं. हसतमुखाने स्वीकार."

मी धुऊन आले.