निळ्याचं की तांबड्याचं

घरी पाहुणे आले आणि बोलता बोलता गाडीत पेट्रोल कुठल्या पंपावरचं घालावं असा विषय निघाला, की मी उठून आत जाते. लोकांना वाटतं, म्हातारीला गाड्यांतलं काय कळतंय, कंटाळली असेल. कंटाळत नाही हो. मला तो विषय ऐकवत नाही, म्हणून जाते.

माझे मालक पौडच्या स्टँडवर पेट्रोलची जीप चालवायचे. गाडी दुसऱ्याची, ड्रायव्हर हे. ऐंशी सालाच्या थोडं अलीकडं-पलीकडचा काळ. एसटीचा भरवसा नसायचा, म्हणून माल्याला, रिह्याला, अशा आतल्या गावांना जाणारी माणसं जीपनंच जायची. आमच्या पट्ट्यात तेव्हा पंप नव्हता. पेट्रोल भरायचं तर पार पुण्याच्या वेशीला. तिथं समोरासमोर दोन पंप होते, एकाची पाटी निळी, दुसऱ्याची तांबडी. जुन्या विलायती कंपन्या सरकारनं ताब्यात घेऊन नावं बदलली होती, पण ती नवी नावं आमच्या ड्रायव्हर लोकांच्या जिभेवर काही बसली नाहीत. ते आपले निळा आणि तांबडा म्हणायचे.

आणि भांडायचे किती! आमचं घर स्टँडच्या मागंच, त्यामुळं भाकरी थापताना मला सगळं ऐकू यायचं. निळ्याचं पेट्रोल अ‍ॅव्हरेज देतं, तांबड्याचं पिकप देतं. पिरंगुटचा घाट तांबड्यावर गाडी हसत चढती, निळ्यावर रडत. पहाटं भरावं, थंडीत पेट्रोल जास्त बसतं. विलायती कंपनी व्हती तवाची मजा आता न्हाई. एकानं तर दुसऱ्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं, का, तर त्यानं निळ्याच्या पेट्रोलला पाणचट म्हटलं. मी म्हणायची, मेल्यांनो, पोरगी द्यायचीय का त्या पंपाच्या घरात?

भांडण फार पेटलं की ते माझ्या मालकांकडं यायचं. हे स्टँडचे पंच. कुणीतरी डबा घेऊन यायचा, ह्यांच्या तळहातावर चमचाभर पेट्रोल ओतायचा. हे हात चोळायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे. मग आधी विचारायचे, "तुमाला कसं वाटतंय?" दोघंतिघं वास घ्यायचे. शेवटी हे निकाल द्यायचे, "चोख हाय," नाहीतर, "रॉकेल मारलंय." त्यावर पुढं कुणी ब्र काढत नसे. मलाही त्याचा तोरा होता, खोटं कशाला सांगू. भाजीवालीसुद्धा मला ओळखायची ती ह्यांच्या नाकावरून.

पंप लांब म्हणून सगळेच ड्रायव्हर घरात एखादा डबा भरून ठेवायचे. आमचा डबा दाराच्या कोपऱ्यात असायचा. एका संध्याकाळी मी हापशावरून पाणी घेऊन आले. दिवे गेलेले. अंगणातच पेट्रोलचा भपकारा आला, इतका की डोळ्यांना पाणी सुटलं. आत पाहते तर डबा आडवा पडलेला, जमीन ओली चिंब, पलीकडं गोधडीवर माझी पोरगी झोपलेली, आणि हे मधोमध बसून कंदिलाची काच पुसतायत. मांडीवर काडेपेटी. माझ्यादेखत त्यांनी काच खाली ठेवली आणि काडी काढली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. हंडा तिथंच टाकला आणि त्यांच्या हातावर झडप घातली एवढं आठवतंय. काड्या सगळ्या पाण्यात पडल्या. पोरगी दचकून रडायला लागली. तिला उचलून अंगणात नेलं.

"अहो, जाळून घेताय का आमाला? नाकात बोळं घातल्यात का? वास न्हाई आला?"

"कसला वास?" हे म्हणाले.

चेष्टा करतायत असं मला वाटलं. मग त्यांचं तोंड बघितलं. ते ओल्या जमिनीकडं बघत होते आणि घामानं निथळत होते. त्यांना खरंच आला नव्हता. माझ्या डोक्यात भणभणायला लागलं. ज्या नाकावर सगळा स्टँड चालतो, त्या नाकाला घरभर सांडलेलं पेट्रोल कळत नाही?

पोरगी परत झोपल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. किती दिवस झाले हे? "म्हाईत न्हाई," म्हणाले. "गेला तवा कळलंच न्हाई गं. एक दिवस ध्यानात आलं, येत न्हाई." ड्रायव्हर लोकांची ती रीत तुम्हाला ठाऊक नसेल. एका टाकीतलं पेट्रोल दुसरीत घ्यायचं तर रबरी नळी टाकीत सोडायची, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं, घोटभर तोंडात आलं की थुंकायचं. दिवसातनं कितीदा तरी. त्यानंच गेला असेल, असा त्यांचा अंदाज.

"आन् मग निकाल कसा देता?"

"रॉकेल आसलं की हात तेलकट ऱ्हातो. न्हाईतर मग त्यांच्या तोंडाकडं बघायचं. त्यांनी नाक मुरडलं की आपुन बी मुरडायचं."

अरे देवा! माझ्या मनात ह्यांनी आत्तापर्यंत खाल्लेलं सगळं येऊन गेलं. माझ्या हातची आमटी, करपलेला भात, 'झकास झालंय' म्हणून उठणारा हा माणूस. पण ते मरू दे. जीपची टाकी ड्रायव्हरच्या शिटाखालीच असते. टाकीची नळी गळाली तर ड्रायव्हरला पहिलं कळतं ते नाकानं. हा माणूस दहा-पंधरा जीव कोंबून डोंगरातनं जातो आणि ह्याला कळणारच नाही. मी म्हटलं, उद्याच्या उद्या स्टँडवर सांगा, रोज सकाळी कुणालातरी गाडीचा वास घ्यायला लावा.

त्यांनी नकार दिला. हात जोडले, पण नकार दिला. "मला कोन इचारतंय तितं? गाडी दुसऱ्याची, घर भाड्याचं. ह्या एका गोष्टीपाई माणसं मला मानत्यात. त्येवढं काढून घिऊ नको." मी रागानं त्यांच्याशी बोलेनाशी झाले, पण बाहेर कुणाला सांगायला जीभ रेटली नाही. रोज जीप सुटली की ती परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. आमच्या घरात डबा ठेवणं तेवढं बंद झालं.

त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी मी पोरीला घेऊन माहेरी, माल्याला निघाले. ह्यांच्याच जीपनं. पोरीला पुढच्या शिटावर, तिच्या आण्णांच्या जागेशेजारी बसवलं, मागं शिटा भरत आल्या होत्या. तेवढ्यात एक तांबड्यावाला आणि एक निळ्यावाला ड्रायव्हर भांडत आले. तांबड्यावाल्याच्या हातात डबा. ह्यांना मधे उभं केलं, हातावर पेट्रोल ओतलं. सगळे ड्रायव्हर गोळा झाले, स्टँडवरचे सगळ्यात जुने चाचाही आले. चाचा बाजारातल्या मुसलमान घरातले, माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे. ह्यांनी हात नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि विचारलं, "तुमाला कसं वाटतंय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी त्या टाकीशेजारी बसलीय आणि हा बाबा अजून सोंग करतोय!

"काय वाटायचंय त्यांना?" मी सगळ्यांदेखत म्हटलं. "ह्यास्नी कसलाच वास येत न्हाई. घरात पेट्रोल सांडलं तरी येत न्हाई. इचारा."

ह्यांची मान खाली गेली. ते माझ्याकडं बघेनात, आणि मला वाटलं, आता हा माणूस जन्मभर माझ्याशी बोलणार नाही. मग चाचा खाकरले.

"पोरी, मला बी येत न्हाई," ते म्हणाले. "लई वर्सं झाली."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. तांबड्यावाला पायानं माती उकरत होता. "मला थोडा थोडा येतो," तो म्हणाला, आणि मग म्हणाला, "म्हंजी, आधी यायचा." निळ्यावाल्याचं तोंडच सांगत होतं. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत गेले. अहो, आख्ख्या स्टँडवर नाक असलेला एक ड्रायव्हर नव्हता! सगळ्यांनी जन्मभर ती नळी तोंडानं ओढलेली.

"मग भांडत कशावरनं व्हता इतकी वर्सं?" मी विचारलं.

"ह्यो सांगतुया त्यावरनं," चाचांनी ह्यांच्याकडं बोट केलं.

"आन् मी तुमची तोंडं बघून सांगतुया," हे म्हणाले.

कुणीतरी हसलं. लगेच थांबलंही. ह्यांनी तळहात विजारीला पुसला, तांबड्यावाल्यानं डब्याचं झाकण लावून डबा लांब नेला. माणसं पांगली. हे तरातरा जीपकडं निघाले. "बस चल. उशीर व्हतुया," मला न बघताच म्हणाले आणि शिटावर चढले.

मी त्यांच्या मागोमाग आले आणि थबकले. डबा तर गेला होता. हातावरचं केव्हाच उडून गेलं असणार. तरी वास येत होता. जीपच्या जवळ जावं तसा जास्तच. मी खाली वाकले. ह्यांच्या शिटाखाली माती भिजून काळी पडली होती आणि वरून थेंब गळत होते, एकामागं एक. मी मान वर केली तर ह्यांचा हात किल्लीवर.

"किल्लीला हात लावू नका!"

त्यांना वाटलं, मी अजून भांडतेय. त्यांचं तोंड रागानं लाल झालं. पण माझं तोंड बघून त्यांनी हात काढला. मी मागच्या बायकांना ओढूनच खाली घेतलं. त्यांनी शिव्या दिल्या, एकीची अंड्यांची पाटी सांडली. चाचा धावत आले, वाकून बघितलं आणि मटकन खाली बसले. "या अल्ला," एवढंच म्हणाले.

मी पुढं धावले आणि पोरीला कडेवर घेतलं. तिनं फ्रॉकचा घोळ नाकाला लावलेला होता.

"आई, मघापासनं घाण वास येतोय," ती म्हणाली. "मी आण्णांना सांगितलं व्हतं. आण्णा म्हनले, चोख हाय."