पाहुण्यांना आधी गोळी, मग पोहे

सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम करणाऱ्या आमच्या वर्गातले सगळे इंटर्नशिपसाठी पुणे-मुंबईला चिकटले. मी हट्टाने भंडारा मागितलं. आई म्हणाली, "तिथे आपलं कोण आहे?" कोणीच नव्हतं, म्हणून तर जायचं होतं! सांगलीहून गोंदियाला जाणारी गाडी न बदलता थेट नेते, फक्त सबंध महाराष्ट्र पालथा घालते. घरून बांधून दिलेल्या दशम्या मी अकोल्याच्या आतच संपवल्या. तुम्ही जास्त न्या.

पहिली सूचना अशी की, रेल्वेने जाणार असाल तर 'भंडारा रोड' या नावावर भाळू नका. स्टेशन वरठीला आहे. तिथून शेअर ऑटो मिळतो, पण तो गच्च भरल्याशिवाय हलत नाही. माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईंची पालकाची जुडी होती आणि उतरताना त्यांनी त्यातली अर्धी मला दिली. बसस्टँडजवळ खोली स्वस्तात मिळाली. सकाळी तर्री-पोहे खायचे. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. पहिल्या दिवशी मी "अजून घाला" असं म्हटलं आणि पुढचा तासभर कोणाशीच बोलू शकले नाही.

फेब्रुवारी होता, हवा झकास होती आणि आरोग्य विभागाची हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम चालू होती. हा रोग डासांमुळे होतो, अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि मग पाय सुजवतो. म्हणून घरोघरी जाऊन धडधाकट माणसांनाही गोळ्या द्यायच्या. त्या आमच्यासमोर गिळायच्या आणि उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. गोळ्या किती, ते उंचीवर ठरतं, म्हणून माझ्या हातात रंगीत पट्ट्यांची उंच काठी दिली. एवढं शिकून मी काठीवाली झाले!

माझी नेमणूक पवनीच्या अलीकडे, तलावाकाठच्या एका गावात होती. भंडाऱ्याहून पवनीची एसटी पकडायची आणि फाट्यावर उतरायचं. तिथे गावच्या आशा सेविका वंदनाताई स्कूटी घेऊन थांबलेल्या असायच्या. गावात त्यांचा दरारा सरपंचापेक्षा जास्त.

"उपाशीपोटी नाही" हा नियम गावाने आपल्या पद्धतीने लावून घेतला होता. घरचे जेवले आहेत याचा पुरावा म्हणून ते आम्हालाही जेवायला बसवत. "तुमी नाही खाल्लं त आमी गोळी नाही खात जी!" अशी धमकीच असायची. झिंग्यांचा रस्सा, लाखोळीची डाळ, भात, पुन्हा भात. तिसऱ्या घरानंतर मी काठीला टेकून चालायला लागले.

तलावात मासे धरणाऱ्या सुमनमावशींच्या घरी मात्र गाडी अडली. त्यांच्या नवऱ्याचा पाय कधीचाच सुजलेला. नवऱ्याने निमूट गोळ्या घेतल्या. मावशी म्हणाल्या, "मी मंग खातो," आणि मुलीचं विचारलं तर, "प्रणाली मामाच्या गावाले गेली." तेवढ्यात आतून जोरात शिंक आली. मावशींनी शांतपणे अंगणातल्या कोंबडीकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर वंदनाताईंनी उलगडा केला. "रक्तात जंतू असले त गोळीनं ते मरतात अन् ताप येतो. म्हणजे औषध लागू होऊन राहिलं. पण लोक म्हणतात, ताप आला म्हणजे हिले बिमारी हाये. घरात एक पाय सुजलेला. तिले पाहाले पाव्हणे येऊन राहिले. ताप आला त सोयरीक गेली ना!"

माझं हसू तिथेच थांबलं. आमच्या शैक्षणिक सादरीकरणात 'गैरसमज' नावाची एक स्लाइड होती. मावशींच्या भीतीला त्या स्लाइडवर जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वंदनाताईंना प्रणालीचाच फोन आला. "पाव्हणे येतीन तवाच या. काठी घेऊन या."

आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे ओटीवर बसले होते. मुलगा रोशन वरठीच्या कारखान्यात कामाला, इस्त्रीचा शर्ट, घामाघूम. सोबत त्याचे वडील. आम्हाला बघून मावशींचा चेहरा असा झाला की मला परतीची गाडी आठवली. पोहे येतील म्हणून सगळे वाट बघत होते. प्रणाली ताटात पाण्याचे पेले घेऊन आली आणि वंदनाताईंकडे हात पसरला.

"मी जेवली हावो. पयले मी खाईन, मंग तुमी. पोहे त्याच्या बादमंदी."

रोशनचे वडील खाकरले. "आमाले काही झालं नाही जी."

"मलेबी नाही झालं. मंग घाबरून काहून राहिले?"

तिने सगळ्यांसमोर गोळ्या गिळल्या. मावशींनी डोळे मिटले. मग रोशन उठला. "आमच्या गावाले गोळीवाले आले होते तवा मी ड्युटीवर होतो. मीबी जेवूनच आलो. द्या." तो काठीपाशी उभा राहिला आणि हळूच वर सरकायला लागला.

"टाचा खाली, जावईबापू," वंदनाताई म्हणाल्या.

बायोडाटातली उंची तिथेच दोन बोटं उतरली. प्रणाली फसकन हसली, मग सासरेबुवासुद्धा हसले आणि गोळी गिळून बसले.

सकाळी आम्ही चौकशीला गेलो. प्रणाली ठणठणीत भांडी घासत होती. मावशी दर थोड्या वेळाने तिच्या कपाळाला हात लावत होत्या. तेवढ्यात रोशनचा फोन आला. प्रणालीने तो स्पीकरवर टाकला.

"मले ताप आला. बाबा म्हणत होते सांगू नको. पण तुमाले म्हायीत असावं. आता तुमी नाही म्हटलं तरी चालते."

वंदनाताईंनी त्याला लगेच दवाखान्यात दाखवायला सांगितलं, घाबरायचं कारण नाही हेही सांगितलं. मावशी मुलीला म्हणाल्या, "तू सांग."

"उंची वाढवून लिहली, पण ताप नाही लपवला," प्रणाली फोनमध्ये म्हणाली. "चालते मले."

महिना संपवून मी सांगलीला परतले. जाताना भंडाऱ्याहून पितळेचा पाण्याचा एक छोटा गडवा घेतला आणि अंगावर किलोभर भात चढवून आणला. शिफारस कराल का विचाराल तर डोळे मिटून करेन, फक्त कपडे सैल न्या. कॉलेजात मी ती स्लाइड काढून टाकली. तिच्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. माणूस गोळीला घाबरत नाही, शेजारच्या ओटीला घाबरतो, हे चार्टमध्ये कुठे बसवायचं?

गेल्या आठवड्यात मावशींचा फोन आला. प्रणालीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं; लग्नाला यायचंच म्हणाल्या. मी नको तो प्रश्न विचारलाच, "मावशी, तुमची गोळी?"

"खाल्ली ना. तू गेली अन् मी खाल्ली. वंदनाच्या समोर."

"मग?"

"मलेबी ताप आला. मी ओटीवर येऊन बसली, अन् जो गेला त्याले हाक मारून सांगितला."