माळवदाची माती

आबांचा फोटो भिंतीवर लावला त्या दिवशी मायने सगळ्यांसमोर विचारलं, मला काय उपेग त्याचा? असं काय बोलतीस गं माय, मी म्हणाले, पण तिचं खरंच होतं. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेलेले. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. आबा म्हणजे माझे वडील, आणि त्यांना जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. मग माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून ती म्हणाली, तू शाळेत पोरांना चित्रकला शिकवतीस, पुतळे करतीस, तर मला हाताला लागंल असा तुझा बाप करून दे. मी लगेच हो म्हणाले. हो म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही.

पुतळा पांढऱ्या सिमेंटचा करायचं ठरवलं. हे काम बाहेरून सोपं दिसतं. नुसतं सिमेंट लावलं तर ते वाळताना तडकतं, म्हणून त्यात काहीतरी मिसळावं लागतं, आणि काय मिसळता त्यावर सगळा खेळ असतो. मार्बल पावडर घातली तर गुळगुळीत आणि कडक. चाळलेली वाळू घातली तर खरबरीत आणि जड. अंड्यांचे ट्रे भिजवून त्यांचा लगदा घातला तर काम हलकं होतं, पण कुबट वास घरभर होतो. बीडला माझ्या घराच्या गॅलरीत मी प्रत्येकाच्या बिस्किटाएवढ्या वड्या पाडल्या, ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या आणि रविवारी एसटीने गावी, दिंद्रुडला मायकडे घेऊन गेले.

मार्बलची वडी मायने गालाला लावून बघितली. ही तर फरशी हाय, म्हणाली. वाळूच्या वडीला घासणी म्हणाली. लगद्याची वडी हातात घेऊन तर हसलीच, तुझा बाप एवढा हलका कधी होता गं? माझं डोकं फिरलं. इतके दिवस खपून मी काय घासण्या करत होते का? मग तूच सांग काय घालू ते, असं फणकाऱ्याने म्हणाले. तिला तेच पाहिजे होतं. आपल्या माळवदाची माती घाल, ती म्हणाली. पांढऱ्या शिमिटात पांढरी माती, रंगाला बी जमतंय.

आमच्या जुन्या घरावर मातीचं सपाट छत होतं, माळवद. त्यावर पांढरी माती पसरायची. पाऊस लागला की ती फुगून फटी आपोआप बुजायच्या. आबा माजलगावच्या कचेरीत शिपाई, पण मिरगाचा पाऊस जवळ आला की रजा टाकून स्वतः वर चढायचे, नवी माती पसरायचे, पायांनी तुडवून बसवायचे. त्या दिवसांत त्यांच्या मानेला, हाताला सगळीकडे तोच वास यायचा. पुढे भावाने स्लॅब टाकला आणि ती माती परसात ढीग होऊन पडली. माय त्या ढिगापाशी जाऊन बसली आणि पिठाच्या चाळणीने माती चाळायला लागली, खडे बोटांनी चाचपून बाजूला टाकत. दुपारचं जेवणसुद्धा तिने तिथेच मागवलं.

मी ती माती घालून बघितली, अगदी मनापासून बघितली. वडी वाळली तशी भेगाळली, अंगठा फिरवला की भुकटी निघायची आणि वर पांढरा खार फुटला. माती कमी केली, गोंद घातला, तरी तेच. छतावर जी माती पावसाला पुरून उरली ती सिमेंटात टिकत नाही, एवढंच मला मायला फोनवर सांगायचं होतं. पण तिला समजावायचं म्हणजे तासभराचं गुऱ्हाळ, आणि माझ्या अंगात सबुरी म्हणून नाही. तिनेच फोन करून विचारलं, टाकलीस का गं माती? मी म्हणाले, हो, टाकली. चेहरा मार्बल पावडरमध्ये केला. आत पोकळी होती, तिथे मूठभर माती तरी ठेवता आली असती. सुचलं नाही असं लिहिणार होते, पण सुचलं होतं. मी कंटाळा केला. उरलेली माती मोगऱ्याच्या कुंडीत ओतली, आणि मोगऱ्यालाही ती मानवली नाही.

पुतळा झाला मात्र देखणा. जोत्याजवळच्या कट्ट्यावर बसवला तेव्हा भाऊ बघतच राहिला. मायने दोन्ही हात त्यावर फिरवले. कपाळ, नाक, मिशा, कान. बराच वेळ तिथेच थांबली आणि म्हणाली, चांगला झालाय. मी सुटले असं मला वाटलं.

कसली सुटते! जयभीम घालत गल्लीतली जी बाई दारात येईल, तिला माय हाताला धरून पुतळ्यापाशी न्यायची आणि सांगायची, ह्याच्यात आमच्या माळवदाची माती हाय, माझ्या लेकीनं आठवणीनं घातली. बाया माझ्याकडे कौतुकाने बघायच्या आणि मी चहाचा कप घेऊन आत निघून जायची. आंधळ्या आईला फसवलंस गं, असं मन म्हणायचं. मग मी विनाकारण भावजयीवर डाफरायची, साखर कमी आहे म्हणून. ती बिचारी साखरेचा डबा आणून पुढे ठेवायची.

दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. माय ओल्या फडक्याने पुतळा पुसत होती. मला आणखी सोसेना. म्हणाले, "माय, ह्याच्यात माती नाही. टिकत नव्हती. मी खोटं बोलले."

तिचा हात थांबलासुद्धा नाही. "ठाव हाय मला. बसवला त्याच दिशी कळलं हाताला."

"मग सगळ्यांना कशाला सांगतीस माती हाय म्हणून?"

"तू हो म्हनली व्हतीस ना? मग चार बायांत माझ्या लेकीला मी खोटी पाडू का?"

इतके महिने मला वाटत होतं, मी तिला फसवतेय. खरं तर तीच माझं खोटं अंगावर घेऊन गल्लीभर मिरवत होती, माझी मान खाली जाऊ नये म्हणून. मी रडायला लागले. थोड्या वेळाने विचारलं, आबा लागतात का गं हाताला? तिने ओला तळवा लुगड्याला पुसला आणि पुतळ्याच्या गालावर ठेवला.

"नाक त्यांचंच हाय. पर लई गार लागतंय," ती म्हणाली. "हात ठिवून बसावं लागतं मग. लई वेळानं ऊन व्हतंय."