न चाखलेला पॉट

सकाळपासून आभाळ कुंद होतं आणि वारा असा बोचरा, की कुत्री शेपट्या पोटाशी घेऊन दुकानांच्या पायऱ्यांखाली शिरली होती. अशा दिवशी शहाण्या माणसानं काहीतरी गरम प्यावं आणि गप घरात बसावं. पण शहाणी माणसं राहतात कुठं या रस्त्याला? कडूकाका पुरता ओळखून होता. दुपार टळली की नाकं ओढत, मफलर गुंडाळून येतीलच मेले, आणि म्हणतील, "अर्धीच प्लेट द्या काका, घसा धरलाय."

बर्फवाल्यानं दारात लादी टाकली. काकानं तिचा भुसा धुतला, अर्धी तोडून पोत्यात घातली आणि मोगरी उचलली. बर्फ फोडायची त्याची एक रीत होती. प्रत्येक घाव एकेका गिऱ्हाइकाच्या नावानं. पहिला मास्तरचा, कारण मास्तर डोळे मिटून खातो. दुसरा बँकेतल्या कारकुनाचा, कारण तो प्लेट चाटतो. तिसरा त्या नव्या जोडप्याचा, कारण ती दोघं एकमेकांना भरवतात. गिऱ्हाइकं भरपूर होती, त्यामुळं बर्फ नेहमी बारीक फुटायचा.

जन्मभर आईस्क्रीम विकूनही या माणसाला सगळा रस्ता कडूकाका म्हणायचा, यातच काय ते आलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढं काचेचं टेबल आणि चार बाकडी, मागं फरसबंदी अंगण. अंगणात लाकडी बादली, बादलीत डबा, डब्यात लाकडी पाती आणि वर हँडल. या सगळ्याला मिळून पॉट म्हणायचं. दूध आटवायचं काम सुनेचं. मुलगा ट्रकवर, महिन्यातून एकदा तोंड दाखवणारा. म्हणजे दुकान चालवायला दोघंच, सासरा आणि सून.

आटवून गार केलेलं दूध काकानं डब्यात ओतलं, झाकण लावलं, भोवती बर्फ आणि जाडं मीठ थरावर थर दाबलं आणि हँडल धरलं.

"बर्फ नुसता ठेवला तर आळशी असतो," तो म्हणायचा. "मीठ लावलं की चिडतो. वितळता वितळता आणखी थंड होतो आणि दुधातली ऊब ओढून घेतो. माणसाचंही तसंच. मीठ चोळल्याशिवाय हलत नाही."

दूध डब्याच्या अंगाला धरतं, पाती ते खरवडते, पुन्हा धरतं, पुन्हा खरवडते, आणि त्या घुसळणीत वारा शिरून ते फुगतं. घाई केली तर लोणी निघतं, थांबलं तर काचेसारखे खडे होतात. हँडल जड झालं की समजायचं, झालं. काका तेवढ्यावरच निवाडा द्यायचा. चाखायचा कधीच नाही.

"हलवाई कधी मिठाई खातो का?" असं तो ऐटीत सांगे. खरं कारण उजवी दाढ होती. थंडाचा थेंब लागला की कळ मस्तकात जायची. हे एकट्या सुनेला ठाऊक होतं, कारण रात्री लवंग मागायला काका तिच्याकडेच यायचा. पण तिनंही चाखायचं नाही! "मी चाखते ना मामंजी, चमचाभर," असं ती लग्न होऊन आल्यापासून म्हणत होती. काकाला तो अपमान वाटे. शेवटी वैतागून त्यानं सांगून टाकलं होतं, "ज्या दिवशी एक तरी गिऱ्हाईक वाईट म्हणेल, त्या दिवशी चमचा तुझा. आणि पॉटसुद्धा तुझा. तोवर जीभ आवर."

तर त्या सकाळी हँडल फिरत असताना शेजारचा घड्याळजी अंगणाच्या भिंतीवर कोपर टेकून उभा राहिला. ऐकणारा मिळाला की काकाचं तोंड हँडलापेक्षा जोरात फिरायचं.

"काय असतं हो यात? दूध, साखर आणि वारा. वाऱ्यावर जीव टाकतात!"

"पण आवडतं खरं लोकांना."

"आवडणार नाही तर काय! लहानपणी आईनं एकदा बोटानं चाटवलेलं असतं. टक्कल पडलं, कवळी बसली, तरी जीभ तीच घेऊन फिरतात. मोठ्ठे साहेब, हाताखाली पन्नास माणसं, आणि इथं आले की हनुवटीवर ओघळ! गाढवाला गुळाची चव काय?"

"मग गूळ कशाला करताय?"

"दुसरं येतं काय मला?" असं म्हणून काका खवळला, आणि खवळला की त्याचं खाली लक्ष नसायचं.

खाली बादलीच्या कडेला एक भोक होतं. खारं पाणी त्यातून वाहून जावं, झाकणापर्यंत चढू नये, म्हणून ठेवलेलं. त्या भोकात पोत्याच्या धाग्यांचा एक पुंजका जाऊन बसला. काका मास्तरच्या डोळे मिटण्याची नक्कल करत होता तेव्हा पाणी चढलं. झाकणाच्या वर आलं आणि फटीतून गुपचूप आत उतरलं. हँडल लवकर जड होईना. मीठ आत गेलेलं दूध गोठायला कुरकुरतं. काकानं खापर लगेच सुनेवर फोडलं, "सूनबाई! दूध पातळ केलंस आज!"

"रोजच्यासारखंच आहे मामंजी."

"हँडल खोटं बोलतं काय मग?"

दुपारी पहिला आला मास्तरच. काकानं डबा पुढं नेऊन प्लेट भरली. मागं सून बादली उपडी करायला गेली, तर पाणी काठोकाठ. भोकातला पुंजका तिनं पाहिला. पातीला चिकटलेलं थोडं तिनं बोटावर घेऊन जिभेला लावलं आणि तशीच पुढं धावली.

"मास्तर, थांबा, ते..."

"गिऱ्हाइकाच्या तोंडचा घास काढतेस?" काकानं असे डोळे वटारले, की ती दारातच थबकली. मग तिनं ओठ मिटले. मनात म्हटलं, होऊन जाऊ दे. आज चमचा आपलाच.

मास्तरनं डोळे मिटले. घास घोळवला. सून श्वास धरून उभी.

"अहाहा," मास्तर म्हणाला. "काका, आज काही औरच! एक वेगळीच खोली आहे चवीला."

मागून कारकून आला, त्यानं प्लेट चाटली आणि दुसरी मागितली. जोडपं आलं, भरवाभरवी झाली. "काहीतरी नवीन घातलंय वाटतं," ती म्हणाली. "मला तर पहिल्याच घासाला कळलं," तो म्हणाला. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. काकाची मान प्रत्येक प्लेटीला ताठ होत चालली.

"काय सूनबाई?" तो मागं वळून म्हणाला. "बोलला कोणी वाईट?"

"नाही मामंजी. जिंकलात तुम्ही." तिनं एक चमचा भरून त्याच्यापुढं धरला. "नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. तुमचं मीठ मात्र लोकांना गोड लागतंय."

"म्हणजे?"

"घ्या तर खरं."

काकानं चमचा तोंडात घातला. आधी दाढेत कळ गेली. मग जिभेवर मीठ पसरलं, चांगलं खारट्ट, डोळ्यांत पाणी यावं असं. तो गिळूही शकेना, थुंकूही शकेना. समोर मास्तर बोटानं प्लेटीची कड निपटत होता.

ही गाढवं आहेत, हे काका जन्मभर म्हणत आला होता. आज ते शाबीत झालं, तर त्याला आनंद व्हायला हवा होता. पण मग एवढ्या वर्षांच्या "वा काका" आणि "तुमच्यासारखं कुणी करत नाही" या सगळ्याचं काय? तोंडानं त्यानं त्यांना नेहमी हिणवलं होतं, आणि मनातून त्यांचीच शाबासकी दागिन्यासारखी जपली होती. आज दागिना घासून पाहिला, तर पितळ.

"आणखी अर्धी द्या काका, तसलीच," मास्तर म्हणाला.

"संपलं."

"अहो, डबा तर भरलेला दिसतोय!"

"संपलं म्हटलं ना! घसा सांभाळा. जा घरी!"

मास्तर पुटपुटत गेला, पण दारातून वळलाच. "परत कधी करणार असलं?"

काकानं डबा उचलून अंगणात आणला आणि मोरीत पालथा केला. मग खाली बसून केरसुणीचा हीर घेतला आणि बादलीच्या भोकातला पुंजका टोकरून टोकरून बाहेर काढला. सून उंबऱ्यात उभी होती.

"आतापासून चमचा तू धर," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"पण मी हरले ना मामंजी?"

"हरलीस. जिंकवणारे बघितलेस ना आत्ता? त्यांच्या भरवशावर पॉट ठेवू?"

ती हसली. तो हसला नाही. उरलेली अर्धी लादी त्यानं पोत्यात सरकवली.

"बघत काय उभी राहिलीस? दूध ठेव चुलीवर. आणि पुन्हा पातळ करू नकोस."

"पातळ नव्हतंच ते!"

"तोंड नको चालवू," काका म्हणाला, आणि मोगरी उचलून पहिला घाव घातला. कुणाचं नाव घ्यावं हे सुचलं नाही, म्हणून नुसताच घातला.