दामूची मापाची पेटी

पोस्टकार्ड मुरबाडला आले तेव्हा मी तंबूच्या खुंट्या मोजत होतो. सापगावहून दामूच्या भावाने दोनच ओळी लिहिल्या होत्या : ताप उतरला नाही, दामू गेला. कार्ड खिशात ठेवून मी खुंट्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. तिसऱ्यांदाही आकडा जुळेना, तेव्हा खाली बसलो… त्याला आता दीड महिना झाला.

आमचा फिरता सिनेमा. शहापूर, मुरबाड, मधली बाजाराची गावे आणि हिवाळ्यात जत्रा. सामानाच्या याद्या माझ्याकडे, इंजिन आणि आवाजाचे यंत्र दामूकडे. त्या यंत्राच्या पोटात चारशेच्या वर व्होल्ट असत, आणि आमचा मीटर पन्नासपर्यंतच मोजणारा. लढाईच्या दिवसांत मोठा मीटर मिळणे कठीण. मग दामूने वीज अडवणारे दहा सारखे रेझिस्टन्स एकापुढे एक जोडून मेणात बुडवलेल्या लाकडी पट्टीवर बसवले. सगळा दाब त्या दहांत वाटला जाई आणि मीटर फक्त शेवटच्याच्या दोन टोकांना लावायचा. काटा दाखवील त्याची दहापट करायची. पट्टी, मीटर आणि तारा एका पेटीत राहत. "आन वर थोडं धर," तो म्हणे. "मीटर बी पितो रे जरा. पाहुना पंगतीला बसला का भात कमी दिसनारच." मोजताना त्याचा डावा हात कायम पाठीमागे, धक्का बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून. यंत्र बंद करून तारा लावायच्या, मागे सरायचे, मग चालू करून आकडा वाचायचा, पुन्हा बंद. मला नेहमी घाई. "दामू, लोक बाहेर उभे आहेत." "उभी ऱ्हाऊंदे. नायतर माझ्या तेराव्याला बसतील."

एकदा जत्रेत, दुपारी खेळाआधी चाचणी घेताना आवाज फाटू लागला. दामूने यंत्र बंद केले आणि आत साठलेली वीज उरली का ते पाहायला पट्टी लावली. काटा शून्यावर. आधी मीटर बॅटरीवर हलतो का ते बघण्याचा त्याचा नेम होता, पण माझ्या तगाद्याने त्या दिवशी तो राहिला. जळालेला तुकडा काढायला मीच हात पुढे केला. त्याने कोपराने तो उडवला. "शून्याला आदी इचार, तू जिता का मेला." मग बांबूच्या काठीला बांधलेली तार त्याने आत टेकवली. फट्‌दिशी ठिणगी उडाली. वीज आतच होती; मीटरची तार कापडी वेष्टनाच्या आत तुटल्याने काटा हलला नव्हता.

ती तार मी तोडली होती. शहापूरला सामान भरताना पेटी जागेत बसावी म्हणून तार घट्ट गुंडाळून झाकण दाबले होते. काहीतरी कटकन वाजले होते, आणि तरी मी यादीवर बरोबरची खूण केली होती. हे मी त्याला सांगितले नाही. त्या दिवशी दामू म्हणाला, "म्यानेजर, ही पेटी तुझ्या यादीतनं काढ. मीच बांधीन." मला ते लागले. पण प्रत्येक मुक्कामाला वाटे, आज सांगून टाकू… आणि तंबू उभारण्यात दिवस जाई.

गेल्या पंधरवड्यात सापगावला गेलो. दामूच्या बायकोने, येसूने, त्याने घरी नेलेली पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. मी म्हटले, "वहिनी, जत्रेतली ती मीटरची तार माझ्या हातून तुटली होती. त्याला सांगायचं राहिलं."

"त्यांना त्याच सांजेला कळलं व्हतं," ती म्हणाली. "येवढं घट वेटोळं तुमीच घालता."

"मग बोलला का नाही?"

"मीबी तेच इचारलं. तं म्हनं, बोललो तं तो हिरमुसंल, आन मंग याद्या कोन करील? मला का खुंट्या मोजता येतात?" ती हसली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

आता नवा माणूस आला आहे, कामाला चांगला आहे. पेटी मात्र पुन्हा यादीत घेऊन मीच बांधतो, तार सैल सोडून, जरा जास्तच वेळ लावून. परवा बांधून झाल्यावर यादीत तिच्यासमोर बांधणाऱ्याचे नाव लिहायचे होते. दामू असे लिहून गेलो. शिस्तीप्रमाणे ते खोडायला हवे होते…


खोडले नाही.