धोक्याच्या पाटीवरचे मामा

माझ्या बाबांच्या हाताला एकच तोंड यायचं, बुद्धाचं. सानगडीच्या आसपासच्या विहारांच्या भिंती रंगवता रंगवता ते चित्रं काढायला शिकले. अर्ध्या मिटलेल्या पापण्या आणि ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू, हे त्यांच्या बोटांत इतकं मुरलं की पुढे काहीही काढलं तरी ते तसंच शांत होऊन बसायचं. गुरांच्या ढेपेच्या दुकानावरचा बैल शांत, शाळेच्या भिंतीवरचा वाघही शांत.

"काय गा पेंटर, तुहा वाघ जेवून बसला काय?" लोक विचारायचे. बाबा आधी चिडायचे, मग स्वतःच वाघाकडे बघून हसत सुटायचे. कोणी पाटीसमोर सायकल थांबवून पाहू लागलं की मात्र दिवसभर त्यांचा पाय जमिनीवर नसायचा.

जिल्हा फुटला तेव्हा बाबांची चांदी झाली. पलीकडच्या गावांच्या पाट्यांवरचं 'भंडारा' पुसून 'गोंदिया' लिहायचं होतं. ते काम सरत आलं आणि विजेच्या एका ठेकेदाराने त्यांना पत्र्याच्या धोक्याच्या पाट्या दिल्या. लाल रंग, वर कवटी, खाली दोन हाडं. असल्या पाटीला एकच काम, माणसाला लांब ठेवायचं. आणि बाबांची तर जन्मभराची हौस ही की आपलं चित्र पाहून माणसाने जवळ यावं. घोळ तिथेच होता, पण तेव्हा तो आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नाही.

कवटी त्यांनी जवळून कधी पाहिली नव्हती. दाढीच्या आरशासमोर बसून त्यांनी स्वतःचे गाल चाचपले, मग माझे. जबडा कुठून वळतो ते कळावं म्हणून मला आ करायला लावलं आणि आत डोकावून म्हणाले, "बरश करत जाय."

पहिली पाटी अंगणात वाळत ठेवली होती. आई पाण्याची गुंडी घेऊन येता येता थबकली.

"अजी, कवटीले पापण्या राह्यते काय?"

"मंग डोळे कसे दिसन?"

"आन हे तं हासून राह्यली."

"मेल्यावर मानसानं कायले रागवाचं?" बाबा म्हणाले.

"धोक्याची पाटी होय ते. लेकरं भेले पायजे."

"भेतेत, भेतेत. कवटी म्हटली का भेतेत."

ठेकेदार घाईत होता. लाल रंग लाल आहे एवढं पाहून तो पाट्या घेऊन गेला. त्यातली एक आमच्याच वस्तीमागे लागली, बोडीच्या पाळीजवळ. बोडी म्हणजे आमच्याकडचं धानाला पाणी देणारं लहान तळं, आणि पाळ म्हणजे तिचा मातीचा बांध. तिच्या पाळीशेजारी विजेची डीपी होती, भोवती तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या आत खांबावर बाबांची कवटी.

माझी धाकटी बहीण तेव्हा पाच वर्षांची होती. अंगणवाडीत जाताना तिला ती कवटी दिसायची, आणि दुसऱ्याच दिवसापासून तिने तिला 'मामा' म्हणायला सुरुवात केली. सख्ख्या मामांना एवढा मान नव्हता. जाताना "मामा, येतो", येताना "मामा, आज खिचडी होती." मला भारी मौज वाटायची. बाबांना तर काय सांगावं! ते येईल त्याला धाकटीचे मामा दाखवायला न्यायचे. आई मात्र हसली नाही. "तारीच्या भायेरून बोलाचं," एवढं ती रोज धाकटीला बजावायची.

रोवण्याचे दिवस आले. आई बांधीत, म्हणजे शेताच्या खाचरात, धान लावायला गेली होती. धाकटीला शेजारच्या काकूंकडे ठेवून मी आणि बाबा आईची शिदोरी घेऊन पाळीवरून निघालो. पाळीच्या वळणावर बाबा एकदम थांबले, आणि त्यांच्या मागे चालणारी मी त्यांच्या पाठीवर आदळले.

काकूंची नजर चुकवून आमच्या आधीच पोचलेली धाकटी कुंपणाच्या आत होती. एका बाजूला तार वाकली होती, तिथून ती शिरली असणार. डीपीखालच्या सिमेंटच्या ओट्यावर एक पाय ठेवून, टाचा उंचावून ती पाटीपर्यंत हात नेत होती. हातात जास्वंदीचं फूल होतं. विहारात बुद्धासमोर फूल ठेवतात हे तिला माहीत होतं, आणि तोंड तर तेच होतं.

मी ओरडणार होते. बाबांनी मागे न पाहता माझा दंड दाबला. वळून त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि ते तोंड मी जन्मात विसरणार नाही. मग ते पुन्हा तिच्याकडे वळले आणि अंगाई म्हणावी तशा आवाजात बोलू लागले.

"बाई, फूल राहू दे. पाय खाली ठेव. हा, असा. कायलेच हात नोको लावू. आता जशी आत गेली तशीच ये."

ती आली. कुंपणातून अंग काढताना तिचा फ्रॉक तारेत अडकला तो तिने स्वतःच सोडवला, आणि नाराजीने म्हणाली, "मामाले फूल देऊन राह्यली होती न मी." बाबांनी तिला उचललं आणि तसेच चिखलात बसले. डीपीचा घुमणारा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

वायरमनने लाइन बंद करून त्याच दुपारी पाटी काढून दिली, तारही ओढून घट्ट केली. बाबांनी अंगणात बसून कवटी पुसली आणि नवी काढायला घेतली. भुवया तिरप्या केल्या, दात वाढवले. ती आणखीच खुशीत दिसू लागली. पुसली, पुन्हा काढली, पुन्हा तेच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढ्या वर्षांचा हात, आणि त्या हाताला एक भीतीदायक तोंड काढता येत नव्हतं. मला त्यांची फार दया आली, रागही आला.

मग त्यांनी मला समोर बसवलं.

"पाळीवर मी तुह्याकडे पाह्यलं, तवा माहं तोंड कसं होतं?"

"भेल्यासारखं," मी म्हणाले.

"करून दाखव."

मी करून दाखवलं. तोंड उघडं, पण आत आवाज नाही. डोळे भोकांसारखे, पापण्यांचा पत्ता नाही. गालाची हाडं वर आलेली. बाबा माझ्याकडे बघत काढत राहिले. माझं तोंड दुखायला लागलं तेव्हा म्हणाले, "अजून थोडकसं, माय." काढून झाल्यावर त्यांनी पाटीकडे एकदा पाहिलं आणि ब्रश धुवायला उठून गेले.

संध्याकाळी धाकटी अंगणात आली, पाटीपाशी गेली आणि किंचाळून आईकडे पळाली. आईच्या पदरात तोंड खुपसून ती रडत होती. बाबा जवळ गेले तर त्यांच्याकडेही येईना.

"मामा कुठी गेला?" तिने पदरातूनच विचारलं.

"गेला," बाबा म्हणाले.

"आन हा कोन हाय?"

आईने पाटीकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि हे तोंड कोणाचं ते तिला बरोबर कळलं. मलाही माहीत होतं.

"भेली का नाही?" बाबांनी आईला विचारलं. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि रडूही. "सांग न वो, खरोखर भेली का नाही?"

"भेली," आई म्हणाली.