आत्यानं ओळखलेला राजपुत्र

त्या वर्षी माझ्या मुलीच्या वर्गात मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एका तोतया राजपुत्रावर खटला चालणार होता, आणि तोतया तीच होणार होती. सिंगापूरमधल्या पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती उशीचं कव्हर खांद्यावर टाकून सराव करायची. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई सोफ्यावर बसून ऐकायच्या.

गोष्ट मी त्यांना मराठीत सांगितली होती. बाप वारला, बारा वर्षांचा मुलगा राजा ठरला. काकानं त्याला आणि धाकट्या भावाला लंडनच्या किल्ल्यात ठेवलं, मग ती मुलं कुणालाच दिसली नाहीत. काही वर्षांनी परदेशात एक तरुण उगवला. म्हणाला, "धाकटा मीच." मुलांच्या सख्ख्या आत्यानं त्याला जवळ घेतलं.

"आत्या कशी चुकेल?" सासूबाई म्हणाल्या.

मी विषय बदलला. कारण त्याच आठवड्यात पुण्याहून मावशींचा, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा, फोन आला होता. माझे मोठे दीर कॉलेजात असताना एका सकाळी घरातून गेले ते परत आले नव्हते. आता एक माणूस मावशींच्या दारात येऊन म्हणत होता, मीच तो. मावशी रडत सांगत होत्या, "तोच आहे गं ताई, मी ओळखलं."

माझा नवरा भडकला. "फेसबुकवर सगळं सापडतं हल्ली. आई, तू त्याच्याशी बोलायचं नाहीस."

"मी बोलणार," त्या म्हणाल्या.

रविवारी व्हिडिओ कॉल ठरला. तोवर घरात कुणी धड जेवलं नाही. खरा असला तर इतकी वर्षं का आला नाही? खोटा असला तर हे सासूबाईंना कसं झेपेल? मुलगी मात्र खोलीत इथल्या सिंगापुरी इंग्रजीत तावातावानं वाद घालत होती, "बट हिज आंटी सेड येस, लाह!" शेवटी मी तिला दार लावून घ्यायला सांगितलं. गोष्टीतल्या त्या तरुणाला पुढे फाशी दिली, हे मी सासूबाईंना सांगितलंच नव्हतं.

रविवारी त्या ठेवणीतली साडी नेसून बसल्या. स्क्रीनवर पन्नाशीचा, केस पिकलेला माणूस आला. नवरा खिडकीशी पाठमोरा उभा राहिला, त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

"आई," तो माणूस म्हणाला.

सासूबाईंनी फोन जवळ धरून त्याला नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "जेवलास का?"

त्या खूप वेळ बोलल्या. कुठे राहतोस, तब्येत कशी आहे, एकटाच असतोस का. तो रडला तेव्हा "उगी, उगी" म्हणाल्या. हाच तो, अशी माझी खात्रीच पटली. आता विमानतळ, नव्या ओळखी, नवऱ्याचा राग, सगळं माझ्या डोळ्यांपुढे येऊ लागलं. तेवढ्यात त्या शांतपणे म्हणाल्या, "बाळा, तू माझा नाहीस. तुझी आई असेल तर तिच्याकडे जा." आणि फोन माझ्या हातात दिला.

"आई, कशावरून?" मी विचारलं.

"कान टोचले तेव्हा माझ्या लेकाची पाळी फाटली होती. याचे दोन्ही कान धड आहेत. पाहिल्या पाहिल्याच कळलं."

"मग इतका वेळ बोललात?"

"कुणीतरी 'आई' म्हणालं ना," त्या म्हणाल्या आणि साडी बदलायला आत गेल्या.

खिडकीशी उभा असलेला माझा नवरा तिथेच खाली बसला. तोंड हातांत लपवून तो असा रडला, की मुलगी घाबरून बाहेर आली. आठवडाभर 'भामटा, भामटा' म्हणत होता तो. खरं तर आमच्या घरात सगळ्यात जास्त आशा त्यालाच होती, हे मला तेव्हा कळलं.

तो माणूस पुन्हा मावशींकडे फिरकला नाही. सासूबाईंनी मावशींना एका शब्दानंही बोल लावला नाही. पुढे कितीतरी दिवस भारतातून अनोळखी नंबर आला, की नवरा मीटिंग सोडून उठायचा.